दीपमाला वगळून

पार्सलवर सासूबाईंचं नाव होतं. विठाबाई, आणि खाली आमचा आदिलाबादचा पत्ता, विहाराच्या मागची गल्ली. पार्सलवाला गाडी बंद न करताच "ओटीपी चेप्पंडी मॅडम" म्हणत उभा होता आणि मी माझ्या फोनमध्ये ओटीपी शोधत होते. सगळे मेसेज दोनदा वर-खाली केले. तेवढ्यात मागून सासूबाई भिंतीचा आधार घेत आल्या, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि स्वतःच्या फोनमधले चार आकडे एकेक करून त्याला सांगितले. तेलुगूत. मग पार्सल माझ्या हातातून घेऊन आत गेल्या. गुडघ्याला गुंडाळायचा गरम पट्टा होता, विजेवर चालणारा. "कोणी मागवला?" मी विचारलं. "म्याच मांगवला. दीपमालानं लिंक पाठोली होती. दाबली. बस." रविवारची दुपार होती, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, आणि मी पट्टा त्यांच्या हातातून काढून घेतला. पट्टा वाईट नव्हता. मी तो उलटसुलट करून पाहिला, शिवण ओढून पाहिली, वॉरंटीचं कार्ड वाचलं. कुठेच खोट सापडेना, याचा जास्त त्रास झाला.

आमच्या घरात माझ्यावाचून काही येत नव्हतं. घरातच कशाला, तलमडुगु मंडलातल्या आमच्या अख्ख्या गावात येत नव्हतं. ते माझं सासरचं गाव, आणि तिथल्याच मराठी शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवते. रोज सकाळी आदिलाबादहून बसने जाते, संध्याकाळी परत येते. पहिल्या वर्षी देवकाबाईंनी मला मिक्सर आणायला सांगितला होता. देवकाबाई म्हणजे गावातल्या विहाराच्या बायांची पुढारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पण मला 'बाई'च म्हणणारी. मी आदिलाबादच्या बाजारात चार दुकानं फिरले, मिक्सरची भांडी वाजवून पाहिली, भाव केला, आणि तो मिक्सर मांडीवर घेऊन बसने गावात नेला. तो मिक्सर अजून चालू आहे. तेव्हापासून गावात कोणाला काही घ्यायचं झालं की "बाईले पुसा" सुरू झालं. मुलीच्या लग्नाची भांडी, पंखे, चष्म्याची फ्रेम, नर्सिंगच्या पोरींच्या बॅगा. पुढे सगळं फोनवर आलं तरी रीत तीच राहिली. पार्सलवाले गावात जात नाहीत, म्हणून पत्ता माझा. बायांना इंग्रजी येत नाही, म्हणून फोन माझा. त्या रुमालात बांधलेले पैसे आणून टेबलावर ठेवायच्या, मी मागवायचे, आणि आठ दिवसांनी मुलांच्या वह्यांबरोबर ते पार्सल माझ्या पिशवीतून गावात जायचं. बस थांबली की फाट्यावर दोघी-तिघी उभ्या असायच्या. माझी वाट पाहत असायच्या. या कामाचा मी कधी एक पैसा घेतला नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खरंच होतं. पण खिडकीतून त्या उभ्या दिसल्या की मी पदर सारखा करायचे आणि मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उतरायचे, हेही खरं.

आणि दीपमाला. माझी धाकटी जाऊ. नऊ वर्षांपूर्वी उटनूरकडच्या एका खेड्यातून नागेश भावजींची बायको होऊन आली तेव्हा तिला बँकेचा फॉर्म भरता येत नव्हता. मी शिकवला. दुकानात गेलो की ती माझ्या मागे उभी राहायची, आणि मी 'हे घे' म्हटलं की ते घ्यायची. इतकी गरीब गाय होती की मला ती आवडायची. खोटं कशाला बोलू, मला ती तेवढ्यासाठीच आवडायची. मग त्यांनी इचोड्याला बिऱ्हाड केलं, हमरस्त्यावर भावजींनी टायरचं दुकान टाकलं, आणि दुपारच्या रिकाम्या वेळात दीपमाला फोनवर व्हिडिओ करू लागली. चेहरा दाखवत नाही. नुसते हात, हिरव्या बांगड्या, आणि आवाज. "हा तवा घ्याचा असंल त अदुगर माह्यं आयका." अशी सुरुवात करते. शाळेत एखादं पोरगं असं बोललं की मी त्याला थांबवते आणि 'घ्यायचा असेल' असं तीनदा म्हणायला लावते. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे. आणि इकडे ही त्याच बोलीत तव्याला चिकटलेली भाकर खरवडून दाखवते आणि हजारो बाया ऐकतात, पांढरकवड्यापासून किनवटपर्यंतच्या. व्हिडिओखाली लिंक असते. ती दाबून कोणी तवा घेतला की कंपनी दीपमालाला तिचा वाटा देते, घेणारीला एक रुपया जास्त पडत नाही. तिनं फ्रिज घेतला. मग स्कूटी घेतली. मी दोन्ही वेळा पेढे खाल्ले आणि दोन्ही वेळा रात्री जेवले नाही. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईने माझं नाव-गाव विचारलं आणि एकदम म्हणाली, "म्हंजे तुमी दीपमालाच्या जाऊ का?" मी हो म्हटलं आणि पुढच्या फाट्यापर्यंत खिडकीबाहेर कापसाची शेतं पाहत बसले.

पट्टा आला त्याच आठवड्यात मी ठरवलं की आपणही एखाद्या कंपनीचा असा लिंकचा प्रोग्राम घ्यायचा. हर्षदीपला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. ते उटनूरला कचेरीत कारकून आहेत, दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज वाचतात, त्यामुळे घरी कशातच फार शिरत नाहीत. "दीपमालालेच पूस ना," ते म्हणाले, "तिले सारं मालूम हाय." मी भाजीत मीठ टाकलं होतं की नाही ते विसरले आणि पुन्हा टाकलं. विचारायचं? तिला? तिच्या ओट्यावर बसून, वही पुढे धरून, 'दीपमाला, आता पुढे काय लिहू' असं? मी शाळेची एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले. कंपनी काय विकते. शंभरावर किती देते. कोणी लिंक दाबली आणि लगेच न घेता विचार करून घेतलं, तर किती दिवसांपर्यंत ते आपल्या नावावर धरतात. माल परत गेला तर काय. पैसे खात्यात कधी पडतात. हे काम मला चांगलं जमतं. पंधरा दिवस मी मधल्या सुट्टीत, बसमध्ये, दूध उतू जाईपर्यंत हेच वाचत होते. आधी भरती फी मागणारे सगळे काढून टाकले. कमाई द्यायची म्हणतो तो आधी आपल्याकडूनच कसा मागेल? एक कोर्स विकणारा हैदराबादहून फोन करू लागला, निम्मे पैसे तुमचे म्हणाला. "मैडम, आप तो टीचर हैं, आपके नीचे तो सौ लोग ऐसे ही आ जाएँगे." मी फोन ठेवला. पण ठेवण्याआधी माझ्या खाली बसलेली शंभर माणसं मला क्षणभर दिसली होती आणि बरं वाटलं होतं, हे मला ठाऊक आहे. गोरं करणाऱ्या क्रीमचे टक्के फार होते. ते क्रीम तोंडाला कोण लावणार? देवकाबाईंची नात. ते खोडलं. झटपट कर्ज देणारं एक ॲप होतं, तेही खोडलं. आपल्या बायांनी उद्या मला फाट्यावर गाठून जाब विचारला तर उत्तर देता यायला हवं, एवढी अक्कल मला होती.

शेवटी वरचढ ठरलं ते एकच, सगळं काही विकणारं ते मोठं दुकान, जे सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासून असतं. टक्के कमी, पण विश्वास जास्त, माल परत द्यायला सोपं, पैसे वेळेवर. कोणत्याही शहाण्या माणसानं तेच घेतलं असतं. दीपमालाकडे तेच होतं. मी त्यावर लाल पेनने फुली मारली, पेपर तपासताना मारते तशी, कागदावर वळ उठेपर्यंत. मग वही नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की शेवटचा एक रकाना मी मथळा न लिहिताच आखला होता आणि प्रत्येक कंपनीपुढे त्यात 'आहे' किंवा 'नाही' असं भरलं होतं. मी प्रोग्राम निवडत नव्हते, दीपमाला वगळत होते. हे कळल्यावर वही मिटायला हवी होती. मी मिटली नाही. दक्षिणेकडची एक कंपनी निवडली, चादरी, पंचे आणि स्टीलची भांडी विकणारी. माल खरंच चांगला होता, मी स्वतः दोन चादरी मागवून धुऊन पाहिल्या होत्या. शंभराला दहा, तीस दिवसांची मुदत. सगळं इंग्रजीत होतं आणि तेच मला आवडलं, कारण तिथे दीपमालाचा पाय पोचणार नव्हता. नियमांचं पान लांबच लांब होतं. मी ते खालपर्यंत सरकवलं आणि 'मान्य'वर बोट ठेवलं. प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोरांच्या मी हातावर पट्टी मारते.

विहार महिला मंडळाच्या ग्रुपवर मी लिंक टाकली. शुद्ध मराठीत चार ओळी लिहिल्या. दोन दिवस नुसते हात जोडलेले आले, फुलं आली, 'जय भीम बाई' आलं. तिसऱ्या दिवशी फाट्यावर चौघी उभ्या होत्या. "बाई, थे चादरी म्हनत व्हत्या ना तुमी, आमाले पाह्यजेत. पन आमाले थे इंग्रजी नाई जमत, तुमीच मांगवून द्या." पैसे रुमालात होते, नेहमीसारखे. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी. आठ दिवसांत अकरा जणी झाल्या. मी शाळा सुटल्यावर वर्गात बसून माझीच लिंक माझ्याच फोनवर दाबायची, माझाच पत्ता घालायचा आणि अकरा जणींचं सामान मागवायचं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. एकोणीस वर्षं दुसरं काय करत होते? कंपनीच्या पानावर माझ्या नावापुढचा आकडा वाढत होता. पण खरं सांगायचं तर आकड्याचं अप्रूप नव्हतं. त्या आल्या, याचं होतं. दीपमालाचे व्हिडिओ त्यांच्याही फोनमध्ये असणारच, आणि तरी त्या माझ्याकडे आल्या, पैसे घेऊन, उन्हात उभ्या राहून. मी सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात हर्षदीपला सांगितलं. सासूबाई पट्टा गुंडाळून बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली, "बरं झालं वं माय" म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दीपमाला आली, स्कूटीवर, माहेरच्या जंगलातली सीताफळं घेऊन. स्वयंपाकघरात पाटावर बसून आम्ही ती फोडत होतो. तिच्या हातात त्याच हिरव्या बांगड्या होत्या. हे हात हजारो बायांनी पाहिलेत, असं माझ्या मनात सारखं येत होतं, आणि माझ्या खडूनं भेगाळलेल्या बोटांकडे मला बघवेना. "ताई, तुमची लिंक पाह्यली मी गुरुपवर," ती म्हणाली. "कंपनी चांगली धरली तुमी. मले त त्या इंग्रजीचंच भेव लागते." मी तिच्या बोलण्यात कुठे टोमणा आहे का शोधत राहिले. "किती जनी झाल्या?" तिनं विचारलं. "अकरा," मी शक्य तितकं सहज म्हटलं आणि बी थुंकली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. "अकरा! मंग बरं झालं बाप्पा." मला वाटलं, लागलं हिला. इतकी वर्षं पेढे मी खाल्ले, आता सीताफळ घशात अडकू दे हिच्या. मग ती जरा थांबून, पदराला बोटं पुसत म्हणाली, "ताई, त्या आपआपल्या फोनवरून करून राह्यल्या ना? नाई त एक भानगड हाय, माह्या पयल्या खेपेले बी..." "मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी सगळं वाचलंय." ती लगेच गप्प झाली. माझ्यापुढे अशी लगेच गप्प व्हायची सवय मीच तिला लावलेली आहे. तिनं उरलेली सीताफळं टोपलीत नीट लावून ठेवली, पिकलेली वर, कच्ची खाली, आणि भावजी जेवायचे थांबले असतील म्हणून निघून गेली.

गुरुवारी चौथ्या तासाला कंपनीची मेल आली. शाळेत आता सतराच पोरं उरलीत, ती एका सुरात पंधराचा पाढा म्हणत होती आणि मी टेबलाखाली फोन धरून वाचत होते. आपल्याच खात्यावरून, आपल्याच पत्त्यावर, आपल्याच लिंकने केलेली खरेदी ही विक्री धरली जात नाही. अशी खरेदी वारंवार आढळल्याने आपलं खातं बंद करण्यात येत आहे. जमा रक्कम मिळणार नाही. पुन्हा अर्ज करता येणार नाही. खाली सोबत नियमाचा क्रमांक. मी तो नियम काढून पाहिला, तो पानाच्या अगदी वरच्या भागात, ठळक अक्षरांत होता. पोरं पंधरा नवं पस्तीसासे म्हणून थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं पुन्हा. पहिल्यापासून. पैसे गेले याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही, खरंच नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, हे दीपमालाला कळता कामा नये. सीताफळं फोडताना ती हेच सांगत होती. म्हणजे तिचंही पहिलं खातं असंच बंद पडलं असणार, आणि मग तिनं बायांना एकेक करून स्वतःच्या फोनवर शिकवलं असणार, आकडे, पत्ता, ओटीपी, सगळं. सासूबाईंना शिकवलं. मी एकोणीस वर्षांत एकीलाही शिकवलं नाही. मी शिक्षक आहे. शिकवलं असतं तर फाट्यावर कोण उभं राहिलं असतं? हा विचार आला तसा मी तो बाजूला सारला आणि सतरा पोरांकडून पाढा पाठ करून घेतला. घरी कोणाला काही सांगितलं नाही. ग्रुपवरची लिंक तशीच ठेवली.

शनिवारी अर्धी शाळा होती. घंटा झाल्यावर देवकाबाई आल्या. लेकीकडचे पाव्हणे येणार होते, त्यांना दोन चादरी हव्या होत्या. पैसे रुमालात. पण या खेपेला दुसऱ्या हातात फोन होता, आणि तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "याच्यात आलं पाहा, बाई." पडद्यावर दीपमालाचा तो गोल फोटो होता, बांगड्यांचा, आणि खाली निळी ओळ. देवकाबाईपर्यंत पोचली. सगळ्या गेल्या असत्या तरी चाललं असतं, पण देवकाबाई माझ्या होत्या. पहिला मिक्सर मी मांडीवर आणला होता. निळी ओळ दाबली असती तर दीपमालाला पाच-पंचवीस रुपये मिळाले असते, देवकाबाईंचं काही गेलं नसतं, आणि माझं तर तसंही बंद झालं होतं. मला काहीच मिळणार नव्हतं. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मी ती ओळ दाबून धरली, मेसेज काढून टाकला, फोन त्यांच्या हातात परत दिला आणि माझ्या फोनवरून, कोणाचीच लिंक न लावता, चादरी सरळ मागवल्या. कोणालाच काही मिळालं नाही. मला किती बरं वाटलं ते काय सांगू. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरावं तसं. मी देवकाबाईंना खुर्ची दिली, पाव्हणे कुठले ते विचारलं, त्यांच्या नातीच्या नर्सिंगची चौकशी केली.

देवकाबाई मात्र फोनमध्येच बघत होत्या, वर-खाली करत. "अवो बाई, थे काऊन काढून टाकलं? थे त तुमचीच लिंक व्हती."

"माही?"

"हो ना. दीपमालानं धाडली ना साऱ्या बायायले. म्हने, आता काई घ्याचं असंल त माह्याकडून नोका घेऊ, बाईच्याच लिंकवरून घ्या. त्यायचं नवीन हाय, अदुगर त्यायचं चालू द्या. मांगं त्या अकरा जनी आल्या ना, त्या बी तिनंच धाडल्या. रोज फोन करते एकीएकीले, घेतलं का म्हून पुसते." त्यांनी रुमाल सोडून पैसे टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. "आज बी पुसन. काय सांगू तिले?"

"सांगा, घेतलं म्हणून," मी म्हणाले.

देवकाबाई गेल्या. मी वर्ग झाडला, फळा पुसला, खिडक्या लावल्या, तरी माझे हात थांबेनात. दीपमालाचा इतका राग मला याआधी कधीच आला नव्हता.